साठ वर्षं आणि एक दिवस

२३६०३

"रोहित, ही बाळाची जन्मतारीख आहे की रिक्षाचा नंबर?" छायाताईंनी स्क्रीन त्याच्याकडे वळवली.

नाशिकच्या त्या आरोग्य कार्यालयात सत्तावीस वर्षं लसीकरणाच्या याद्या त्यांनी हातानं केल्या. या खेपेची यादी पहिल्यांदाच कार्यालयात नव्यानं आलेल्या रोहितच्या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधून आली. तिथे तारखा नीट होत्या. एक्सेलमध्ये आणल्या आणि सगळ्यांचे आकडे झाले. एकशेत्रेचाळीस बाळं. उद्या बुधवार, चौदा मे, हरसूलला गोवराची लस. नऊ महिने पुरे झालेल्यांनाच बोलवायचं. एक दिवस कमी भरला तरी सिस्टर परत पाठवणार, आणि डोंगर उतरून आलेली आई एकदा रिकामी परतली की पुन्हा फिरकत नाही.

१४ ऑगस्ट १९६४

"घ्या, तारीख केली."

"अरे, यादीतलं हे पहिलंच बाळ, समर्थ, माझ्याहून मोठं निघालं!"

"तारखेचा आकडा म्हणजे शून्यापासूनचे दिवस. आमच्या सॉफ्टवेअरचं शून्य एक जानेवारी १९६०ला, एक्सेलचं १९००च्या तोंडावर. साठ वर्षं मिळवा नि पाठवा, ताई. चार वाजले."

१४ ऑगस्ट २०२४

आता तारखा शहाण्यासारख्या दिसत होत्या. तरी छायाताईंनी फोन उचलला. यादी सोडण्याआधी एका तरी बाळाचं गावात विचारायचं. शितावरून भाताची परीक्षा. हरसूलजवळच्या पाड्यावर आशा सेविका होत्या कुसाबाई.

"कुसाबाई, तो समर्थ कधी झाला हो?"

"झेंड्याच्या दिशी, ताई! शाळेत पोरं राष्ट्रगीत म्हणत व्हती, अन् हा त्यांच्यावर आवाज काढीत व्हता."

"चौदाला नाही?"

"चौदाला कुठं झेंडा असतो?"

१५ ऑगस्ट २०२४

रोहितचा चेहरा उतरला. छायाताईंनी रिकाम्या चौकटीत १ जानेवारी १९६० टाकून तिचा आकडा केला. २१९१६. "हे तुझं शून्य, एक्सेलच्या भाषेत. साठ वर्षं नकोत, मूळ आकड्यांत एवढे दिवस मिळव."

एकशेत्रेचाळीस बाळं एकेक दिवस पुढे सरकली.

"एका दिवसानं काय होतंय, असं वाटलं मला," तो पुटपुटला.

छायाताई फोनवरच होत्या. "कुसाबाई, समर्थच्या आईला म्हणावं, उद्या येऊ नकोस. पुढच्या बुधवारी ये."

पुढच्या बुधवारी कुसाबाईंनी फोटो पाठवला. दंडावर कापसाचा बोळा, आणि समर्थचं तोंड हे एवढं उघडं.

"ऐकू येतंय बघ," छायाताई म्हणाल्या.

त्यांच्या जुन्या रजिस्टरच्या पुठ्ठ्याच्या आत पाड्यापाड्यावरचे फोन नंबर आहेत. त्यांच्या खाली आता रोहितच्या अक्षरात लिहिलंय : २१९१६.