पाचवं नाव

"काका, मन्हं नाव खोडी टाका ना तेवढं," रिना फोनवर म्हणाली.

खापर गावच्या बाजारात एका दुकानामागच्या बोळात ईश्वर विजेचं मीटर वाचत उभा होता. त्याला वाटलं, पोरगी थट्टा करते आहे.

"खोडू कसाले? इनामनी यादीमा पाचमं नाव उनं तुन्हं. पेढा खवाड माले."

"पन मी यंदा नाचेलच नही ना! मन्ही आंडेर तीन महिनानी शे, पाळनामा शे. तोंडले रंग बी नही लावा यंदा."

"मंग तो व्हिडिओ? पिवळं लुगडं नेसेल तो?"

"तो गयं सालना व्हता, काका."

फोन बंद झाला. आकडा टिपायचा राहिला म्हणून ईश्वर पुन्हा मीटरपाशी वाकला, पण काचेआडचे आकडे काही केल्या त्याच्या डोक्यात शिरेनात.

बावीस वर्षं तो मीटर वाचत होता. नोकरी ठेकेदाराकडची, कधी कायम न झालेली. दहावीला दोनदा बसून दोनदा नापास. बायको म्हणायची, तुमच्या हातून एक काम सरळ झालं असेल तर शपथ. पण एका गोष्टीसाठी अख्खा तालुका त्याला ओळखत होता. दिवाळी सरली की या भागात सोंगाड्या पार्ट्या गावोगाव फिरतात, ढोलकी-पेटीवर रात्रभर गाण्यांची नाटकं करतात. खापरच्या उमेदमल शेठजींनी आपल्या आईच्या, गवराबाईंच्या नावाने या पार्ट्यांसाठी पुरस्कार सुरू केला होता. त्यात सगळ्यांचं लक्ष असायचं ते स्त्री-भूमिकेच्या पाच नावांवर. लुगडं नेसणारे पुरुष आणि अलीकडे पार्ट्यांत आलेल्या बाया, दोघांची निवड एकाच यादीत व्हायची. ही यादी जाहीर होण्याच्या आठवडाभर आधी ईश्वरचा अंदाज इथल्या साप्ताहिकात छापून येई. गेली अकरा वर्षं त्याचं एकही नाव चुकलं नव्हतं. चहाच्या टपरीवर लोक त्याला थांबवून विचारायचे, "ईश्वरभाऊ, यंदा कोन?" आणि तो उत्तर न देता नुसता हसायचा. तेवढ्या हसण्यावर त्याचं वर्ष निघायचं.

चुकला होता तो फक्त पहिल्या वर्षी. तेव्हा त्याने मनापासून लिहिलं होतं आणि पहिलं नाव दिलं होतं दिवाल्याचं. मोलगीच्या वरच्या पाड्यावरचा हा भिल्ल माणूस नर्मदाकाठच्या एका बाईचं सोंग घ्यायचा. धरणाचं पाणी घरात शिरतंय आणि ही आपली अंगण झाडतेय. गाणं म्हणत, झाडत झाडत तो मागे सरकायचा, तेव्हा पुढ्यात बसलेल्या बाया नकळत पाय वर ओढून घ्यायच्या. ईश्वरने तो खेळ सात वेळा पाहिला होता. पण बाहेरगावाहून आलेल्या तिघा परीक्षकांनी दिवाल्याला पाचांत धरलं नाही. टपरीवर ईश्वरची टिंगल झाली. मग त्याने परीक्षकांनी निवडलेल्या नावांचा अभ्यास केला. भाषा स्वच्छ हवी, लुगडं नवं हवं, तोंड लोकांकडे हवं. दिवाल्या तर अर्धा वेळ पाठमोराच असायचा. पुढच्या वर्षीपासून ईश्वर परीक्षकांच्या डोळ्यांनी खेळ पाहू लागला आणि त्याची पाचच्या पाच नावं बरोबर येऊ लागली. दिवाल्याचं नाव वगळताना दर वर्षी हात थोडा अडखळे. मग तो स्वतःला समजावी, अंदाज म्हणजे अंदाज, तो काही न्याय नव्हे.

यंदा तर तो फार कुठे गेलाच नव्हता. लोक मोबाईलवर व्हिडिओ पाठवत होते. घरी पंख्याखाली बसून त्याने यादी केली होती.

तो तडक शेठजींच्या पेढीवर गेला. उमेदमल आता अंथरुणाला खिळले होते. पुरस्काराचं सगळं त्यांचा नातू जिनेश बघत होता.

"या काका, बसा," जिनेश म्हणाला.

"जिनेश, एक गडबड झाली आहे. रिनाने यंदा कामच केलेलं नाही. परीक्षकांनी पाहिलं तरी कोणाला?"

जिनेशला कळेना. "कोणते परीक्षक?"

"पुरस्काराचे."

"काका, परीक्षक पहिल्या वर्षी आले होते तेवढेच. डोंगरातल्या रस्त्यांनी त्यांच्या कमरा गेल्या, ते परत फिरकले नाहीत. मग दादाजी म्हणाले, ईश्वर गावोगाव हिंडतो, त्याच्याइतकं कोणाला कळतं? तेव्हापासून तुमचीच यादी लावतो आम्ही. पाचांतून विजेत्याची चिठ्ठी माझी लहान मुलगी रिद्धी काढते." ईश्वरचा चेहरा पाहून तो हसला. "तुम्हाला ठाऊक असेल असं वाटलं. दर वर्षी पाचच्या पाच कोणाचे बरोबर येतात का हो?"

ईश्वरने समोरचं पाणी उचललं आणि न पिता खाली ठेवलं.

"एवढं मनाला लावून घेऊ नका," जिनेश म्हणाला. "रिनाच्या जागी दुसरं नाव सांगा. संध्याकाळपर्यंत. उद्या फलक छापायला जाईल."

दुसरं नाव शोधायला ईश्वरला विचार करावा लागला नाही. त्याने मोटारसायकल काढली ती थेट मोलगीच्या घाटात. पाड्यापर्यंत रस्ता नव्हता. खालच्या नाल्यापाशी गाडी लावून तो घसरडी टेकडी हातपाय टेकत चढला.

दिवाल्या अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होता. त्याची बायको जमनाबाई टोपलीतून फुलं ओतत होती. पाहुणा दिसताच तिने खाट टाकली, पाणी दिलं.

"ईश्वरभाऊ, तू इतला वर कसा उना?" दिवाल्याने विचारलं. डोंगरातला माणूस कलेक्टरलाही 'तू'च म्हणतो.

ईश्वरने काही लपवलं नाही. परीक्षक, यादी, चिठ्ठी, सगळं सांगितलं. मग म्हणाला, "आते एक जागा शे. तुन्हं नाव देस मी. तूच खरा शे, दिवाल्या. पहिलाथीन मालूम शे माले."

दिवाल्या फुलं पसरत राहिला. ओंजळ रिकामी करून त्याने विचारलं, "पहिलाथीन मालूम व्हतं?"

"हां."

"मंग लिखं का नही?"

"माले वाटनं, त्या लोके तुले घेवाव नहीत."

"त्या लोके म्हंजे कोन?"

पहिल्या वर्षानंतर ते लोक कुठे नव्हतेच.

जमनाबाई टोपली खाली ठेवून बोलली. "पहिला साल तू लिखं, तो कागद मी पेटीमा ठेया. मंग दर साल पोर बजारमाथून कागद लई ये, वाची दाखाडे. याचं नाव नही. हाऊ म्हने, ईश्वरभाऊनी नजर खोटी नही, मन्हंच काम उतरी गयं. लुगडं बदली दखं, आवाज बदली दखा. शेवट पार्टीच सोडी दिधी."

"सोडी? कव्हय?"

"यंदा," दिवाल्या म्हणाला. "दिवाळीले. तुले मालूम नही?"

यंदा ईश्वर एकदाही डोंगर चढला नव्हता. दिवाल्याने रंगाला हात लावला नव्हता, आणि त्याच्या नावाने तो रिनाच्याच रिकाम्या जागी दुसरं खोटं नाव बसवायला आला होता.

"पन हाई इनाम..." त्याने कसंबसं म्हटलं.

"मी नाचेल नही, भाऊ. नही नाचेल मानूसनं नाव कसाले लिखस?" दिवाल्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर ईश्वरला बरं वाटलं असतं. "भाकर खाई ले. मंग जाय."

ईश्वरने दोनच घास खाल्ले. तो निघाला तसा दिवाल्याही उठला. उतारावर गवत वाळून गुळगुळीत झालं होतं. पहिल्याच वळणावर ईश्वरचा पाय सटकला. दिवाल्याने त्याचं कोपर धरलं आणि सोडलं नाही. "आठे ठेव. तठे नको. हां, आते दुसरा पाय." अकरा वर्षं ज्याचं नाव खोडलं, तो माणूस त्याला पावलापावलाने खाली नेत होता.

नाल्यापाशी मोबाईलला रेंज आली आणि लगेच जिनेशचा फोन वाजला. "काका, नाव?"

दिवाल्या बाजूलाच उभा होता. ईश्वरने त्याच्याकडे पाहिलं नाही. "नाव नाही. चारच ठेव."

"चार बरे नाही दिसत हो. मग रिनाचंच राहू द्या. कोणाला कळतंय?"

"अरे, पण..."

तिकडे फोन ठेवला गेला होता. ईश्वरने पुन्हा लावला. कोणी उचलला नाही.

काय ठरलं, ते दिवाल्याने विचारलं नाही. नाल्याच्या वाळूत रुतलेली गाडी त्याने मागून रेटून रस्त्यावर आणून दिली, हात झटकले आणि तो टेकडी चढू लागला. ईश्वर गाडी चालू न करता नुसताच बसून राहिला. अर्ध्या वाटेवर दिवाल्या थांबला. मघाशी ईश्वरच्या पायाखाली निखळलेला दगड त्याने वाकून पुन्हा जागेवर बसवला, वर पाय देऊन हलतो का ते पाहिलं, आणि वर निघून गेला.