ऑर्लीनचा हँडब्रेक

ऊन उतरायला लागलं की मी नवऱ्यावरची नजर काढत नाही. दिवसभर थर्मन बरा असतो, परक्याला संशयही येणार नाही इतका बरा. पण दिवे लागायची वेळ झाली की तो आज इथे असेल की वीस वर्षांमागे जाऊन बसेल, याचा काही नेम नाही.

आणि त्यात हा प्रवास. मोंटानाच्या माळावरून पश्चिमेला निघालेली लांबलचक गाडी आणि रेल्वेला भाडं भरून तिच्या शेपटाला लावलेला आमचा स्वतःचा डबा, ऑर्लीन. थर्मनच्या आईचं नाव दिलंय त्याला. आयोवात कुणाच्या तरी परसात पडून होता, कोंबड्या अंडी घालायच्या त्यात. थर्मननं तो उचलून आणला आणि अर्धं आयुष्य त्याच्यापायी घातलं. अक्रोडाची एकेक फळी स्वतःच्या हातानं घासली. मी म्हणायचे, "माझ्याशी कशाला लग्न केलंस मेल्या, डब्याशीच लावायचं होतंस." तर म्हणायचा, "डबा हो म्हणाला असता तर लावलंच असतं."

वसंतात डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून त्याचं दुखणं सांगितलं. घरी पोचेपर्यंत तो ते विसरला होता. मी पुन्हा सांगितलं नाही. कशाला सांगू? रोज नव्यानं रडवायचं का माणसाला? एकच ठरवलं, सगळं पुसून जायच्या आत त्याला त्याच्या डब्यातून समुद्रापर्यंत न्यायचं. सिएटलच्या अलीकडे रूळ अगदी पाण्याच्या कडेनं जातात. डब्याच्या मागच्या उघड्या सज्जात बसून समुद्र बघायचा, हे त्याचं जुनं स्वप्न. दर वर्षी काहीतरी आडवं यायचं.

पण रेल्वेवाल्यांना याचा वास लागला असता तर संपलंच. डबा ज्याच्या जबाबदारीवर धावतो त्याचं डोकं ठिकाणावर हवं, हा नियम. कळल्याबरोबर आमचा डबा पुढच्या स्टेशनात सोडून गाडी निघून गेली असती, आणि थर्मनला पुन्हा कधी कुणी चढू दिलं नसतं. म्हणून मी सावलीसारखी त्याच्या मागे. तो उठला की मी उठायचे. सोबत त्याचा शाळेपासूनचा मित्र बर्डेट होता, पण त्यालाही मी काही बोलले नव्हते. त्याच्या पोटात काही राहत नाही.

"लोर्ना, जरा बस की एका जागी," बर्डेट म्हणाला. "नवऱ्याला काय कुणी पळवून नेतंय? नेलाच तर दुसऱ्या दिवशी परत आणून सोडतील."

"तू तुझी बिअर पी," मी म्हटलं.

संध्याकाळी आमची गाडी एका आडबाजूच्या रुळावर थांबली. समोरून मालगाडी यायची होती. आजूबाजूला नुसतं गवत आणि लांबवर धान्याची एक कोठी. मी स्वयंपाकघरात ॲपल पायसाठी पीठ लाटत होते. लाटणं हातात होतं, कान बाहेर होते. थर्मनचा आवाज येत होता, बर्डेटला तो जुनाच किस्सा सांगत होता. मग आवाज थांबला.

"बर्डेट! थर्मन कुठाय?"

"अगं, बाथरूमला गेला असेल. तेही विचारून जायचं का आता?"

तेवढ्यात मालगाडी धडधडत निघून गेली, आमच्या गाडीला हिसका बसला आणि आमच्या पायाखालून असा काही कर्कश आवाज निघाला की माझ्या अंगावर काटा आला. लोखंडावर लोखंड घासत होतं. गाडी पुढे ओढत होती आणि ऑर्लीनची चाकं फिरायचं नावच घेत नव्हती.

मी लाटणं टाकून धावले. डब्याच्या पुढच्या टोकाला, दारामागच्या अरुंद जागेत, थर्मन उभा होता. हँडब्रेकचं चाक दोन्ही हातांनी आवळत होता. चेहरा अगदी शांत. घरच्या यार्डात डबा उभा केला की तो जागचा हलू नये म्हणून थर्मन दर खेपेला असाच ब्रेक लावायचा, सगळी वर्षं. त्याच्या हिशेबी आम्ही घरी पोचलो होतो.

"झालं बघ," तो म्हणाला. "आता कुठे जात नाही."

ओरडायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मला ठाऊक होतं, ओरडले तर तो घाबरेल, आणि घाबरला की मूठ आणखी आवळतो. मी आवाज शक्य तितका साधा ठेवला.

"थर्मन, यार्डवाल्यांचा निरोप आलाय. इथे नाही म्हणतात लावायचा, पुढच्या रुळावर न्यायचाय."

"आता? आता सांगतात?"

"हो ना. काय ती माणसं! सोड बघू पटकन, खोळंबलेत."

"एकालाही अक्कल नाही," असं पुटपुटत त्यानं खिट्टी उडवली. चाक गरगर उलटं फिरलं. खालचा आवाज थांबला आणि डबा धावायला लागला. देवा!

त्याला दंडाला धरून मी खुर्चीत आणून बसवलं. वाटलं, निभावलं. आणि मग ते सुरू झालं. धप. धप. धप. गाडीनं वेग घेतला तसं जोरात, टेबलावरचे पेले खुळखुळायला लागले.

"हे काय वाजतंय?" बर्डेटनं विचारलं.

थर्मननं मान तिरकी केली, आणि त्याचे डोळे निवळले. माझा जुना थर्मन परत आला होता. यायची वेळ तरी बघा.

"चाक चपटं झालंय," तो म्हणाला. "कुणीतरी हँडब्रेक लावून डबा फरफटवलाय. कोण गाढव आहे हे?"

दार उघडून कंडक्टर आत आली. योलांडा प्रुइट, शिकागोपासून आमच्याशी हसून बोलणारी. आता हसत नव्हती.

"आवाज पार पुढच्या डब्यात येतोय. ब्रेकला कुणी हात लावला?"

"मी," मी म्हटलं.

"तू?" थर्मन उसळला. "अगं, इतकी वर्षं या डब्यात वावरलीस आणि एवढंही कळू नये? माणसं मरतात अशानं! डबा रुळावरून उतरला असता म्हणजे?"

"चुकलं माझं."

"चुकलं काय चुकलं!" तो कंडक्टरकडे वळला. "माझी बायको असली म्हणून काय झालं? जो ब्रेकशी असा खेळ करतो त्याला डब्यात ठेवायचंच नाही. पुढच्या स्टेशनावर उतरवा."

"तसंच करावं लागेल, साहेब," योलांडा म्हणाली. "मॅडम, पुढे हॅवर येतंय, तिथे तुम्ही उतरा. चाक धावण्यासारखं असलं तर साहेबांचा डबा पुढे जाईल."

मी मान हलवली. मनात म्हटलं, बर्डेटला सगळं सांगायचं, त्यानं सांभाळून न्यावं. मी नसले तरी चालेल, याला समुद्र दिसू दे.

थर्मननं तोंड पुसायला टेबलावरचा पांढरा रुमाल उचलला. रुमालावर काळेकुट्ट ग्रीसचे डाग उमटले. त्यानं रुमाल पालटून बघितला. मग स्वतःचे तळवे बघितले.

"लोर्ना," तो म्हणाला, "हात दाखव तुझे."

मी ते पाठीमागे नेले. त्यानं उठून, ओढून पुढे घेतले. मनगटापर्यंत पीठच पीठ होतं.

चाक वाजत होतं.

"हिचं ऐकू नका बाई," थर्मन योलांडाला म्हणाला. "मी लावलाय. मला काही आठवत नाही, पण मीच लावलाय." मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "कधीपासून चाललंय असं?"

"बरेच दिवस झाले."

"आणि तू एकटीच सांभाळतेयस?"

आता मात्र मला आवरेना. त्याच्या शर्टात तोंड खुपसून मी हुंदके देत रडले, सगळ्यांसमोर. तो काळ्या हातांनी माझी पाठ थोपटत राहिला आणि कंडक्टरला म्हणाला, "हॅवरला मला उतरवा. हिला जाऊ दे पुढे. समुद्र बघायचा होता तिला."