बर्फखान्यातला ढोल

आभा आत गेली ती फक्त मापं घ्यायला. नाशिक रोड स्टेशनच्या मागचा तो जुना बर्फाचा कारखाना कित्येक वर्षं बंद होता. दगडी दर्शनी भिंतीवर पिंपळ उगवले होते. मालक चिंतामणकाकांना तो पाडून तिथं दुकानाचे गाळे काढायचे होते, आणि त्याआधी नकाशा हवा म्हणून त्यांनी या तरुण आर्किटेक्टला बोलावलं होतं.

बर्फाच्या लाद्या साठवायची खोली सगळ्यात आत होती. जाडजूड लाकडी दार, खिडकी एकही नाही. आभानं बॅटरी लावली. मागे दार आपोआप लोटलं गेलं आणि ती थबकली. काहीतरी एकदम थांबलं होतं. काय थांबलं, हे कळायला तिला जरा वेळ लागला. बाहेर मालगाडी चालली होती. तिचा खडखडाट नाहीसा झाला होता.

तिनं दार उघडलं. खडखडाट. लावलं. शांत. लहान मुलासारखं तिनं ते पुन्हा पुन्हा करून बघितलं.

“काका, बाहेर थांबून मला जोरात हाक मारा.”

“हाक कशाला? इथंच तर आहे मी.”

“मारा तर खरं!”

ती दार लावून आत उभी राहिली. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही, तशी बाहेर आली. “मारली का?”

“मारली का म्हणजे? घसा बसला माझा!”

आभानं भिंतीवर हात फिरवला. “हिच्यात काय आहे हो?”

“वडिलांच्या वेळचं काम. मी आपला मशिनकडं बघायचो. भिंतीकडं कोण बघतं?”

कोपऱ्यात एक वीट सुटली होती. आभानं ती ओढून काढली, तसं आतून काहीतरी सळसळत तिच्या पायांवर पडायला लागलं. कोरडं, पिवळंधमक. काकांनी मूठभर उचलून उजेडात धरलं.

“अगं, हे तर भाताचं तूस! घोटीच्या गिरण्यांतलं असणार.”

विटांच्या दोन भिंती आणि मधे हातभर दाबून भरलेलं तूस. आतला गारवा बाहेर जाऊ नये म्हणून कुणीतरी केलेली ही सोय बाहेरचा आवाजही आत येऊ देत नव्हती. मग आतला आवाज तरी बाहेर कसा जाईल?

घरी गेल्यावरही आभाच्या डोक्यातून ती खोली जाईना. अशी खोली नेमकी कुणाला हवी असेल? उत्तर दुसऱ्या दिवशी तिच्याच सोसायटीच्या फाटकाशी उभं होतं. ढोलपथकाची प्रमुख पल्लवी सरावासाठी मैदान मागत होती आणि सेक्रेटरी नकारार्थी मान हलवत होते.

“मिरवणुकीत ढोल सगळ्यांना हवा,” पल्लवी वैतागून आभाला म्हणाली, “पण सरावाला कुणाच्याच दारात नको.”

“एक ढोल घेऊन माझ्याबरोबर येतेस?” आभानं विचारलं.

काकांनी नाक मुरडलं, पण कुलूप उघडलं. पल्लवी आत गेली. बंद दाराबाहेर आभा आणि काका कान देऊन उभे.

“सुरू केलं का नाही तिनं?” काका म्हणाले.

आभानं दारावर तळहात टेकवला. लाकूड थरथरत होतं. तिनं काकांचा हातही तिथं ठेवला, आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

पण दुसऱ्या दिवशी पथकातले पाचजण आत गेले आणि थोड्याच वेळात घामानं निथळत बाहेर आले. एक मुलगी तर पांढरीफटक पडून जमिनीवरच बसली. आत हवाच नव्हती.

“संपलं,” काका म्हणाले. “बर्फाला श्वास लागत नाही, माणसाला लागतो. पाडूया.”

आभाला वाईट वाटलं, आणि भीतीही; आपण हे आधी कसं ओळखलं नाही? भोक पाडलं तर हवा येणार, पण आवाजही निसटणार. हवा जावी आणि आवाज अडावा, असं काही असतं का?

काकांच्या ओट्यावर बसून तिनं बुटाच्या खोक्यात वाजता फोन ठेवला. सरळ नळी लावली, आवाज खणखणीत. मग पुठ्ठ्याची वाकडी नळी करून आत तूस चिकटवलं. आवाज दबला. काका पेपर बाजूला ठेवून सरकत जवळ आले.

“अजून एक वळण दे.”

दिलं. आवाज आणखी दबला.

“आता त्याच्या उलट दे बघू.”

संध्याकाळपर्यंत ओटाभर पुठ्ठे आणि तूस झालं होतं, आणि पाडायची भाषा त्यानंतर काकांच्या तोंडी आली नाही.

शेवटी समोरासमोरच्या भिंतींत दोन वाटा काढल्या, नागमोडी, आतून गोणपाटामागे तूस भरलेल्या. एकीतून ताजी हवा आत येई, दुसरीच्या टोकाला असलेला मोठा पंखा आतली हवा बाहेर ओढी. आवाज घुमू नये म्हणून छतालाही तसंच गोणपाटामागे तूस भरलं.

आषाढात पथकाचा सराव सुरू झाला. शेजारच्या बाई गच्चीवर कपडे वाळत घालताना ओरडून विचारत होत्या, “तुमचा तो ढोल कधी चालू होणार?” तेव्हा आत वीस ढोल वाजत होते. “ऐकू यायला लागलं की सांगा!” काका खालून म्हणाले, आणि पहिल्यांदाच सरावाच्या वेळी आत शिरले.

बाहेर आले तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता. धोतराच्या सोग्यानं ते कपाळ पुसत राहिले.

“जन्मभर त्या खोलीतून कुडकुडत बाहेर यायचो,” ते म्हणाले. मग आभाचा दंड धरून तिला मागच्या मशिनघराकडं नेत विचारलं, “इथं बर्फ जमायचा त्या हौदाचं काय करता येईल गं?”