वीतभर ड्रम

आपल्या जावयास बुद्धी आहे, ही अफवा मिस्त्रींनी लग्नापासून आजतागायत मनावर घेतली नव्हती. त्या दिवशी तर हे महाशय आपली वडिलोपार्जित मोटार घेऊन सासऱ्याच्या गॅरेजात अवतीर्ण झाले, ते हाती शिंप्याची फीत घेऊन.

"बाबा, ब्रेकचा ड्रम साडेदहा इंच भरला. त्या मापाचं डिस्कचं किट मागवतो."

"बाहेरून मोजलात?"

"मग कुठून?"

मिस्त्रींनी भिंतीकडे पाहिले. अशा इसमाकडे पाहणे म्हणजे दृष्टीचा अपव्यय. "जावईबापू, पातेल्यात दूध किती मावतं, हे पातेल्याला मिठी मारून कळतं का? ब्रेक शू आतून घासतात. माप आतलं."

चाकापाशी बसलेली मिस्त्रींची मुलगी हसली. याच मोटारीने तिला रोज कामासाठी तीव्र उतार उतरावा लागे, आणि परवा फाटकापाशी मोटार भिंतीला टेकूनच थांबली होती. तेव्हापासून मिस्त्रींच्या घशाखाली घास उतरत नव्हता. ड्रम काढून त्याजागी डिस्क ब्रेक बसवण्याचा हट्ट वस्तुतः त्यांचाच. किट जुन्या ड्रमच्या मापावरून येई. माप चुकले की बोल्टची भोके जुळत नसत, आणि किट परत जाऊन नवे येईपर्यंत उतार काही सपाट होणार नव्हता.

त्यांनी ड्रम उपसला व आत वीत टेकवली. त्यांची वीत म्हणजे बरोबर नऊ इंच. चाळीस वर्षे त्यांनी दुसरे माप हाती धरले नव्हते. वीत भरून इंचभर जागा उरली.

"दहा. लिहा."

जावयाने निमूटपणे लिहिले. मुलीने मात्र पोलादी पट्टी आत धरली.

"बाबा, नऊ आहे."

"पट्टी झिजली असेल."

"पोलाद झिजलं, आणि तुमचा हात नाही?"

मिस्त्रींनी पट्टीवर पंजा पसरला. सांधे सुजलेले, करंगळी आठावर अडली. दुसऱ्या हाताने दाबूनही ती पुढे सरकेना. जावई काहीच बोलला नाही, आणि हा त्याचा समंजसपणा मिस्त्रींना त्या फितीहूनही असह्य वाटला.

"बघता काय, जावईबापू? नऊ लिहा."

मग पट्टी मुलीच्या हाती देत ते हळूच म्हणाले, "पलीकडचा ड्रमही तूच मोज. आणि यांना पट्टीला हात लावू देऊ नकोस."