मीटर चुकत नसतो

एकोणिसाव्या दिवशी सकाळी घड्याळबाईंनी वहीत अकरावी फुली मारली. फुली म्हणजे चुकलेलं वळण. एकोणीस दिवसांत अकरा वळणं चुकली, आणि तीसुद्धा कुणाकडून, तर बस डेपोत टायमकीपर म्हणून एकतीस वर्षं काढलेल्या बाईकडून. कुठली गाडी किती किलोमीटर गेली, किती मिनिटं उशिरा आली, हे त्या वही न उघडता सांगत. घड्याळबाई हे नाव ड्रायव्हर लोकांनीच पाडलेलं. डेपोतला कोंबडासुद्धा बाईंना विचारून आरवतो, असं ते पाठीमागे म्हणत, आणि बाईंना ते कळत असे, आणि आवडतही असे.

डॉक्टर म्हणजे त्यांचे यजमान. गुरांचे डॉक्टर. खात्याच्या जीपमधून गावोगाव हिंडून त्यांनी अडलेल्या गाईम्हशी सोडवल्या, बैलांचे खूर तपासले. ज्या वर्षी ते निवृत्त झाले त्याच वर्षी खात्याने जीपही मोडीत काढली, आणि त्यांनी ती लिलावात घेतली. "आम्ही दोघं एकाच दिवशी कामावर लागलो होतो," असं ते लोकांना सांगत. जीपचं नाव खेचर. चढाला कुंथायची, उताराला पळायची, आणि मध्येच अडून बसली की बॉनेटवर दोन थापा खाल्ल्याशिवाय हलायची नाही.

ह्या खेचरातून देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचं, जिथे रस्ता संपतो आणि दीपगृह लागतं तिथे चहा प्यायचा, ही डॉक्टरांची तीस वर्षांची हौस. सात हजार किलोमीटर. चालवणार डॉक्टर, वाट सांगणार बाई. लेकीने फोनमध्ये नकाशा घालून दिला होता. "मला वळणं सांगायला पोरगी लागते का?" असं म्हणून बाईंनी फोन पिशवीच्या तळाशी टाकला. त्यांची पद्धत साधी. छापील नकाशातून अंतर काढायचं, निघताना मीटरचा आकडा लिहायचा, वळण कितव्या आकड्याला येणार ते बाजूला लिहायचं. आकडा जवळ आला की सांगायचं, "आता डावीकडे." ह्यात चुकण्यासारखं काय आहे?

पण चुकत होतं. चौथ्या दिवशी चोपन्न किलोमीटरवर डावीकडे वळायचं होतं. बावन्नला बाई सावरून बसल्या. चोपन्न झाले. डावीकडे नुसतं काटेरी रान. पुढे एक मेंढपाळ भेटला, तो हसून म्हणाला, "रस्ता मागंच राहिला की. सहा किलोमीटर." बाईंनी कपाळाला हात लावला. निघतानाचा आकडा आपणच चुकीचा लिहिला असणार! सातव्या दिवशी तेच. नवव्या दिवशी दोनदा. आता बाई निघताना आकडा लिहीत, मोठ्याने वाचत, पुन्हा मीटरशी ताडून बघत. तरीही वळणं मागेच राहत होती. रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडांशी मेळ घालून पाहिला तर दगडांचं भलतंच चाललेलं. पण दगड माणसं बसवतात, हवे तिथे बसवतात. मीटर म्हणजे यंत्र. डेपोत एखादा ड्रायव्हर म्हणालाच, "बाई, मीटर चुकतोय," तर त्या मान वर न करता म्हणत, "मीटर चुकत नसतो. माणूस चुकतो." एकतीस वर्षं ज्या वाक्याने लोकांची तोंडं बंद केली, ते आता त्यांच्याच गळ्यात पडलं होतं.

त्यांना हा नुसता गोंधळ वाटला असता, तर त्यांनी स्वतःलाच दोन शिव्या हासडून विषय संपवला असता. पण त्यांची आई चौसष्टाव्या वर्षी विसरायला लागली होती. आधी डबे, मग वाटा, मग माणसं. शेवटी शेवटी पोटच्या पोरीला ती "ताई, तुम्ही कुणाकडच्या?" असं विचारायची. बाई आता त्रेसष्टच्या होत्या. निघताना लेकीने मिठी मारून कानात सांगितलं होतं, "आई, आजीसारखं काही वाटलं तर लपवू नकोस हं." आणि बाई गेले दहा दिवस नेमकं तेच करत होत्या. लेकीचा फोन आला की, "मजेत आहोत गं, तुझे बाबा गाणी म्हणतात," एवढंच.

त्यात डॉक्टरांचं वागणं. हा माणूस जन्मभर बारीकसारीक चुकीवर फटकन बोलायचा. घरात पंखा चालू राहिला तर पूर्ण अर्धा तास व्याख्यान. आणि आता? वळण चुकलं की म्हणायचा, "असू दे गं. होतं असं." गाडी वळवायचा, आणि ब्र काढायचा नाही. बाईंना त्या मऊ आवाजाची धडकी भरायला लागली. आजारी जनावरांशी ते ह्याच आवाजात बोलत. मुक्या जनावराचं दुखणं नुसत्या नजरेने ओळखण्यात ज्याची हयात गेली, त्याला बायकोचं कळणार नाही? कळलंय ह्यांना, आणि ताकास तूर लागू देत नाहीत.

शिवाय रोज संध्याकाळी चहा घेताना ते म्हणत, "वाच ना जरा वहीतलं. आज कुठून कुठे गेलो?" बाई वाचत. डॉक्टर डोळे मिटून, मान हलवत ऐकत. मग विचारत, "आणि काल?" बाई कालचं पान काढत. ही परीक्षाच होती, दुसरं काय! बाई घाबरून एकेक गाव दोनदा वाचत, कुठे अडखळू नये म्हणून जपत.

तर अकरावी फुली मारून झाली, खेचर अर्धा तास धावलं, आणि मागचं डावं चाक बसलं. डॉक्टर उतरले. जॅक लावला, नट सैल केले, मागच्या दारावर कव्हरात लटकलेलं जादाचं चाक काढून बसवलं. हात असे चालत होते की बघत राहावं. चाक बसवून झालं आणि खेचर एका अंगाला कललं.

"पाय आखडलाय खेचराचा," डॉक्टर म्हणाले. "चल, हळूहळू नेऊ."

चार रस्ते मिळत होते तिथे टायरचं एकच दुकान होतं. पत्र्याची शेड, आत हवेचं यंत्र, बाहेर पाण्याची टाकी. दुकान चालवणारी बाई पन्नाशीची, दंड पैलवानासारखे. डॉक्टर टाकीवर तोंड धुवायला गेले. टायरवालीने खेचराभोवती एक फेरी मारली, कमरेवर हात ठेवले आणि घड्याळबाईंना विचारलं, "हे पाचवं चाक कुठनं आणलंत, ताई?"

"कुठनं म्हणजे? गाडीचंच आहे."

"गाडीचं हेच आहे. बाकीची चार गाडीची नाहीत." तिने मोजपट्टी काढली, एका चाकाला लावली, दुसऱ्याला लावली. "ही चार मोठी आहेत. नवी दिसतात. दोन महिन्यांच्या वरची नसतील. खड्ड्यांतनं जायचं म्हणून लोक घालतात मोठी. छान आहेत. फक्त मीटर खोटं बोलतो मग."

"मीटर काय करतो?" बाईंनी विचारलं.

"कमी दाखवतो. मीटर चाकाचे फेरे मोजतो ना? चाक मोठं झालं की तेवढ्याच फेऱ्यांत गाडी जास्त पळते. तुमचा नव्वद दाखवत असेल तेव्हा तुम्ही शंभर गेलेल्या असणार."

घड्याळबाई खेचरात जाऊन बसल्या, वही उघडली आणि चौथ्या दिवसाचं पान काढलं. मीटरवर चोपन्न, म्हणजे खरे साठ. वळण सहा किलोमीटर मागे! सातवा दिवस. बरोबर. नववा दिवस, दोन्ही वेळा, बरोबर. अकराच्या अकरा फुल्या त्यांनी तपासल्या, आणि अकराव्या फुलीपाशी त्यांना रडूच फुटलं. मी ठीक आहे. माझं डोकं ठीक आहे! मीटर चुकत होता, मेला! त्यांना डेपोतल्या सगळ्या ड्रायव्हरांची एकदम आठवण झाली. एकेकाला गाठून माफी मागावी असं वाटलं.

मग आला राग. रागाला आता घर मोकळं मिळालं होतं. टायर बदलले कुणी? दुसरं कोण! बाईंनी समोरचा कप्पा उपसला. पानं, टॉर्च, गोळ्यांच्या पट्ट्या, आणि तळाशी टायरचं वॉरंटी कार्ड. निघण्याच्या बरोबर दोन आठवडे आधीची तारीख. चार टायर, माप, आणि खाली डॉक्टरांची ती ऐसपैस सही. मला विचारलं असतं तर मी मोडता घातला असता, म्हणून गुपचूप बसवून आणले. आणि वर एकोणीस दिवस "असू दे गं"! चांगलं फैलावर घ्यायचं ठरवून त्या कार्ड घेऊन टाकीकडे गेल्या.

"टायर बदललेत, आणि मला सांगितलं नाहीत?"

डॉक्टर रुमालाने मान पुसत होते. "कुठले टायर?"

"सोंग नका घेऊ. ह्या खेचराचे. चारही."

"काहीतरीच काय!" ते हसले. "मी कशाला बदलू? जुने चांगले होते की."

बाईंनी कार्ड पुढे धरलं. डॉक्टरांनी चष्मा लावला. तारीख वाचली. सही बघितली. मग कार्ड लांब धरून बघितलं, उलटं करून बघितलं, पुन्हा सुलटं केलं.

"सही माझीच आहे," ते म्हणाले. सहीवरून बोट फिरवत पुन्हा म्हणाले, "माझीच आहे."

हा माणूस खोटं बोलला की त्याचे कान लाल होत. चाळीस वर्षांत त्यात बदल नाही. बाईंनी कानांकडे पाहिलं. कान पांढरे पडले होते.

बाई टाकीच्या कठड्याला टेकल्या. आणि मग एकेक गोष्ट, जी त्या दहा दिवस स्वतःच्या नावावर लिहीत होत्या, आपोआप दुसऱ्या पानावर जायला लागली. "असू दे गं, होतं असं," हे ते बायकोला नव्हतेच म्हणत. वळण चुकलं की त्यांना वाटत असणार, हिने सांगितलं असेल, मीच विसरलो. परवा डॉक्टरांनी चहात दोनदा साखर घातली तेव्हा बाईंना वाटलं होतं, साखर आहे हे आपणच सांगायला विसरलो. आणि रोज संध्याकाळची ती वही. कुठून कुठे गेलो. आणि काल? ती परीक्षा नव्हती. ते खरोखरच विचारत होते.

डॉक्टर अजून कार्डाकडे बघत होते. "मला हे आठवायला हवं ना?" ते म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. "चार टायर म्हणजे गॅरेजमध्ये निदान दोन तास तरी बसलो असणार. मग मला काहीच कसं..."

बाईंना आपलं ठीक असलेलं डोकं परत मिळून जेमतेम वीस मिनिटं झाली होती.

"अगं बाई!" त्या म्हणाल्या, आणि त्यांनी कपाळावर हात मारला. "मीच नाही का त्या मिस्त्रीला सांगितलं! मोठे टायर घाला म्हणून. तुम्हाला फक्त कागद पुढे करून सही घेतली, तुम्ही तेव्हा पेपर वाचत होतात. मीच विसरले बघा. साफ विसरले."

डॉक्टरांनी मान वर केली. "तू सांगितलंस?"

"मग काय! सही तुमची, हुकूम माझा. आजवर घरात दुसरं काही झालंय का?"

ते बाईंकडे बघत राहिले. बाईंनी नजर हलू दिली नाही. मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला, खांदे खाली आले, आणि त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की टायरवालीने मागे वळून पाहिलं. त्यांनी कार्ड घडी करून खिशात ठेवलं आणि बाईंच्या पाठीवरून हात फिरवला.

"असू दे गं," ते म्हणाले. "होतं असं ह्या वयात. मी आहे ना."

बाईंनी मान हलवली.

टायरवालीने मोठं चाक दुरुस्त करून बसवलं, बुटकं पुन्हा कव्हरात गेलं. डॉक्टर खेचरात बसून त्याच्याशीच काहीतरी बोलत होते. बाईंनी शेडच्या मागे जाऊन पिशवीच्या तळाचा फोन काढला आणि लेकीला लावला. "तू लपवू नकोस म्हणालीस ना," त्या म्हणाल्या. "ऐक मग. मला काही नाही झालेलं. बाबांना बहुतेक झालंय. चांगला डॉक्टर शोधून ठेव, माणसांचा. नाही, आत्ता नाही परतत. तीन हजार राहिलेत. दीपगृह बघू दे त्यांना."

ते निघाले. पुढचं वळण छत्तीस किलोमीटरवर होतं. बाईंनी पेन्सिलीने नऊने गुणलं, दहाने भागलं, आणि बत्तीसच्या आकड्याला सांगितलं, "हळू करा. आता उजवीकडे."

चारशे मीटर गेले असतील नसतील, उजवीकडे रस्ता होता. बारीक, मातीचा, पण होता.

"बघ!" डॉक्टर स्टिअरिंगवर थाप मारून म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "उगाच घाबरत होतीस. काही झालेलं नाही तुला."

"नाही," बाई म्हणाल्या. "मला काही झालेलं नाही."

त्यांनी वही मांडीवर घेतली, पहिलं पान काढलं, आणि अजून संध्याकाळ झालेली नसताना, कुणी विचारलेलं नसताना, पहिल्या दिवसापासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली.