शेडमागचं करपलेलं गवत

संशय घ्यायला मला फारसं काही लागत नाही, हे आधीच सांगून टाकते. मागच्या अंगणातल्या आमच्या छोट्या पोहण्याच्या तलावाचं पाणी हिरवंगार झालं, तेव्हा माझा पहिला संशय शेजारणीवर गेला. आमची नात सुट्टीला आली की तिच्या उड्यांचा आवाज या बाईच्या डोक्यात जातो. कुंपणावरून काहीतरी ओतायला तिला कितीसा वेळ!

मुलीनं फोनवर बजावलं होतं, "आई, तळ स्वच्छ दिसत असेल तरच हिला पाठवीन. गढूळ पाण्यात मूल खाली गेलं तर कळतसुद्धा नाही." बोलणं बरोबर होतं, म्हणूनच झोंबलं. पाणी साफ झालं नाही तर नात तिकडच्या आजीकडे जाणार, आणि तिकडच्या आजीला जिंकू द्यायला मी काही संत नाही. खरं म्हणजे वर्षभर मी त्या पोरीच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली असते.

मग कंबर कसली, म्हणजे दुखरी कंबर जेवढी कसू देते तेवढी. भिंतींवरचं शेवाळ लांब दांड्याच्या ब्रशनं खरवडलं, फिल्टर धुतला, मोटर चालू ठेवली. रोज ऊन उतरलं की क्लोरीनची भुकटी बादलीभर पाण्यात कालवून तलावात ओतायची. बादली उचलणं मला जमत नाही, म्हणून ते काम यांच्याकडे. यांनी तरुणपणी निम्म्या शहराला पोहायला शिकवलंय, पाण्याचं काम यांना सांगावं लागत नाही.

पण पाणी हिरवं ते हिरवंच. मी भुकटी विकणाऱ्या दुकानदाराला धारेवर धरलं. "यात खडूची पूड मिसळता का हो?"

"मावशी, सील तुम्ही स्वतः फोडलंत," तो म्हणाला. "पाण्यात पडली तर काम करणारच ती."

पडली तर! घरी आल्या आल्या मी शेजारणीविरुद्ध पुरावा शोधायला कुंपणाच्या कडेनं फिरले. मोटरच्या शेडमागे गवत पांढरंफटक करपलं होतं, चांगलं चटईएवढं. वाकून वास घेतला. क्लोरीन. तेही कुंपणाच्या आमच्या बाजूला. आणि आमच्या घरात बादली उचलणारा माणूस एकच.

मी ताटं वाढली. डोक्यात मात्र नुसतं काहूर. यांना नात नकोशी झाली? की माझ्या पाठीमागे मुलीशी काही बिनसलंय? हे आपले शांतपणे जेवत होते, आणि इतक्या वर्षांत आणखी काय काय लपवलं असेल याचा मी हिशेब मांडत होते.

संध्याकाळी यांनी बादली कालवली, तशी मी म्हणाले, "चला, मीही येते." हे थबकले. पण माझ्यादेखत तलावातच ओतावी लागली. मग रोज मी यांच्या मागे मागे. पाणी आधी दुधाळ झालं. मेलेलं शेवाळ तळाशी बसलं, ते पाइपनं ओढून बाहेर टाकलं. एके सकाळी तळाची जाळी लख्ख दिसली. मी हाक मारली. हे आले, पाहिलं आणि काठावर मटकन बसले.

"आता बोला," मी म्हणाले. "गवत कुणी जाळलं ते कळलंय मला. नात जड झाली का तुम्हाला?"

"अगं, काहीतरीच काय!" यांचा आवाज चिरकला. "मागच्या सुट्टीत तू आत झोपली होतीस. मी इथेच खुर्चीत बसलो होतो, तिच्यावर लक्ष ठेवायला. माझा डोळा लागला. जाग आली ती तिच्या हाकेनं. 'आजोबा, मी किती वेळ पाण्याखाली राहिले, पाहिलंत ना?' धाप लागली होती तिला, ओठ निळे पडले होते. मी म्हणालो, पाहिलं. टाळ्यासुद्धा वाजवल्या."

भांडायचं ठरवून आले होते, तो राग कुठल्या कुठे गेला.

"मला का नाही सांगितलंत?"

"कुठल्या तोंडानं सांगू? या वर्षीही तिच्यावर लक्ष ठेवायला मलाच बसवणार तुम्ही मायलेकी. जाऊ दे तिला तिकडच्या आजीकडे. तिकडे तलाव नाही."

दुपारी मुलीचा फोन आला. तिचा आवाज यांनाही ऐकू जावा म्हणून मी स्पीकर लावला. "आई, झालं का गं पाणी साफ?"

एक 'नाही' म्हटलं असतं तर सगळं झाकलं गेलं असतं. माझ्या जिभेवर आलंही होतं. पण यांनी फोनसाठी हात पुढे केला आणि तिला सगळं सांगितलं, टाळ्यांसकट.

"तेव्हाच का नाही सांगितलंत, बाबा?"

"तू तिला पुन्हा आमच्याकडे पाठवली नसतीस."

मुलगी म्हणाली, "नसतीच पाठवली."