टोकणीची दोरी

सातव्या आणि आठव्या रोपाच्या मधे वीतभर जागा रिकामी होती. दोरीमास्तरांनी तिथली माती बोटाने उकरली. दाणा कुजला असेल, मुंग्यांनी पोखरला असेल, खारीने उकरून नेला असेल, काहीतरी खूण सापडायला हवी होती. साल नाही, कोंब नाही. त्या जागी दाणा पडलाच नव्हता.

ते उकिडवेच पुढे सरकले. नववं रोप आठव्याला चिकटून. दहावं बरोबर. अकरावं आणि बारावं एकमेकांच्या अंगावर आणि मग पुन्हा वीतभर मोकळी जमीन. मास्तरांनी खिशातली पट्टी काढून लावली. सात, तेरा, सहा, अठरा. आकडे लिहायला उघडलेली वही त्यांनी तशीच मिटली.

वाफ्याच्या डोक्याशी पाटी होती. उपटी वाण, दोन रोपांत दहा सेंटिमीटर. अक्षर त्यांचंच.

भुईमुगाच्या या संशोधन केंद्रावर मास्तर अठ्ठावीस वर्षं क्षेत्र सहायक होते. साहेब लोक कागदावर प्रयोग आखायचे आणि मास्तर तो दोरी ताणून जमिनीवर आखायचे, म्हणून सगळे त्यांना दोरीमास्तर म्हणायचे. सध्याचा प्रयोग दिसायला अगदी साधा होता. कोणत्या वाणाची रोपं किती अंतरावर लावली तर शेंगा जास्त येतात? उपटी वाण सरळ उभा वाढतो आणि शेंगा बुंध्याशीच धरतो. पसरी वाण जमिनीवर फांद्या टाकत जातो. फांदी टेकेल तिथे आऱ्या, म्हणजे फुलांतून निघणाऱ्या सुया, मातीत सोडतो, तिथेच शेंगा. केंद्र बघायला येणाऱ्या शेतकऱ्यांना मास्तर सांगायचे, "उपटी म्हणजे सरकारी नोकर. शेजारची खुर्ची रिकामी झाली तरी आपली सोडायचा नाही. आणि पसरी म्हणजे राहायला आलेला मेव्हणा. सकाळी एक पिशवी घेऊन येतो, संध्याकाळी सगळं घर त्याचं." लोक हसायचे आणि हसता हसता मुद्दा लक्षात ठेवायचे. प्रयोगाचं हे तिसरं आणि शेवटचं वर्ष होतं. यानंतर पत्रक छापलं जाणार होतं आणि ते वाचून लोक आपापल्या शेतात पेरणार होते.

अंतर चुकू नये म्हणून टोकणीच्या वेळी ओळीवर दोरी ताणायची. दोरीला दर दहा सेंटिमीटरवर चिंधी बांधलेली. जिथे चिंधी, तिथे दाणा. ही दोरी मास्तरांची बायको घरी बांधायची. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मास्तरांनी स्वतः बांधलेल्या गाठी घसरल्या होत्या. तेव्हा ती म्हणाली होती, "द्या इकडे. ज्या माणसाच्या बुटाची नाडी दिवसातून चार वेळा सुटते, त्याने गाठी मारू नयेत." तेव्हापासून जुन्या चादरीच्या चिंध्या, दहा सेंटिमीटरची बांबूची एक काडी आणि दोन वेढ्यांची, शेपूट आत खोचलेली तिची गाठ. बांधून झाली की अंगणात दोघांनी दोन टोकं धरायची आणि काडी लावून एकेक अंतर तपासायचं. त्यात कधीच चूक निघाली नाही, म्हणून काही वर्षांनी त्यांनी तपासणंही सोडलं. तिची गाठ म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

टोकणीच्या दिवशी ओलावा उडायच्या आत काम उरकायचं होतं. एक मजूर बाई ओळीत थांबून म्हणालीही होती, "मास्तर, इथं चिंधी लांब वाटते हो."

"तू दोरी बघ आणि दाणा टाक," मास्तर तिच्यावर खेकसले होते. "माझ्या बायकोची दोरी आहे ती. माझं चुकेल, तिचं नाही."

आता त्यांनी गोदामातून दोरी आणली आणि बांधावर पसरून पट्टी लावली. सुरुवातीच्या वीस-पंचवीस गाठी बिनचूक होत्या. मग अंतरं डगमगू लागली. पुढे एका ठिकाणी बोटभर अंतरात तीन चिंध्या होत्या. प्रत्येक गाठ मात्र तशीच, दोन वेढ्यांची, शेपूट आत. गाठ मारायला हात विसरले नव्हते. कुठे मारायची, तेवढं विसरले होते. गेल्या महिन्यात तिचा चष्मा तांदळाच्या डब्यात सापडला तेव्हा ते हसले होते. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, आई एकच गोष्ट दोन-दोनदा सांगते," तेव्हा त्यांनीच तिला उडवून लावलं होतं. "तुझी आई लग्नापासून मला प्रत्येक गोष्ट दोनदा सांगते, कारण मी पहिल्यांदा ऐकत नाही." तो विनोद आठवून आता त्यांना स्वतःची लाज वाटली.

घरी ती दारात बसून शेंगा फोडत होती.

"उगवण कशी आहे?" तिने विचारलं.

"चांगली आहे." ते तिच्याशेजारी बसले. "अगं, ती काडी कुठे आहे? दोरीची."

"कसली काडी?"

"बांबूची. दहाची."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग हसली, पण ते हसू नेहमीचं नव्हतं. उत्तर येत नसलेलं मूल गुरुजींकडे बघून हसतं, तसं होतं. "असेल कुठेतरी. तुम्हाला कधी काही सापडलंय का या घरात?" आणि दोन शेंगा फोडून झाल्यावर तिने विचारलं, "उगवण कशी आहे?"

"चांगली आहे," मास्तर म्हणाले.

काडी त्यांना साखरेच्या डब्यात सापडली. ती त्यांनी धुतली, पुसली आणि शिवणाच्या पेटीत तिच्या जागी ठेवली. मग पाण्याचा नळ सोडून मोरीत उभे राहिले आणि रडले. अठ्ठावीस वर्षांत पिकावर कीड पडली, गारा पडल्या, पण माणूस असा हातचा जाताना त्यांनी कधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते मॅडमच्या खोलीत गेले. प्रयोगाच्या प्रमुख मॅडम त्यांच्या मुलीच्या वयाच्या होत्या आणि या तीन वर्षांवर त्यांनी बरंच काही बेतलं होतं.

"मॅडम, दहा सेंटिमीटरचे सहाही वाफे बाद करा," मास्तर उभ्यानेच म्हणाले.

"बाद? का? काय झालं?"

"अंतर चुकलंय. दोरीच चुकीची होती. पंधराची दोरी गेल्या वर्षीचीच आहे, ते वाफे ठीक आहेत."

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. "दोरी काकू बांधतात ना?"

"या वर्षी मी बांधली."

मास्तरांनी पुरावा म्हणून दोरी टेबलावर ठेवली होती. मॅडमनी एक गाठ बोटात धरून पाहिली. दोन वेढे, शेपूट आत. मग त्यांची नजर टेबलाखाली मास्तरांच्या बुटांकडे गेली. डाव्या बुटाची नाडी फरशीवर लोळत होती. त्यांना कळलं असावं.

"बसा मास्तर," त्या म्हणाल्या. "हे बघा, वाफ्यातली एकूण रोपं जवळपास तेवढीच भरतात ना? मग उगवण कमी-जास्त झाली, पक्ष्यांनी दाणे उकरले, असा शेरा मारता येईल. असं सगळीकडे होतं. तिसरं वर्ष आहे हो. दहाचाच आकडा गेला तर तुलना कशाशी करू? आणि तुमची चार महिन्यांवर निवृत्ती. शेवटी शेवटी कशाला ठपका घेता?"

मास्तरांना हो म्हणावंसं वाटलं. फार वाटलं. हो म्हटलं असतं तर घरातली गोष्ट घरातच राहिली असती, दोरीचं नाव कुणी पुन्हा काढलं नसतं आणि कदाचित काही झालंच नाही असं त्यांना स्वतःलाही काही दिवस मानता आलं असतं.

"मॅडम, पसरी निभावून नेईल," ते हळूच म्हणाले. "पण उपटीच्या वाफ्यात जिथे फट आहे, तिथे फटच राहणार. उतारा घटेल आणि आपण लिहू की उपटीला दहाचं अंतर मानवत नाही. लोक ते वाचून पेरतील. त्यांच्या शेतात जाऊन पुन्हा कोण मोजणार आहे? ते डोळे मिटून विश्वास ठेवतात. जसा मी..."

मॅडमनी पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला.

मास्तरांनी लेखी खुलासा दिला. निष्काळजीपणा झाला, जबाबदारी माझी. त्यांच्या कोऱ्या सेवापुस्तकात पहिला ठपका बसला. प्रयोग एक वर्ष लांबला. पुढच्या वर्षी तो दुसरं कुणीतरी आखणार होतं. सहा वाफ्यांच्या पाट्या काढल्या गेल्या. पीक मात्र उपटू नका, असं मॅडमनी बजावलं.

त्याच आठवड्यात मास्तर बायकोला घेऊन डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी तिला शंभरातून सात-सात वजा करत उलटं मोजायला सांगितलं.

"सात-सातने कशाला?" ती म्हणाली. "दहा-दहाने विचारा. झोपेतून उठवलंत तरी सांगेन."

"बरं, दहा-दहाने."

"शंभर, नव्वद, ऐंशी, सत्तर, साठ..." बोटं मांडीवर गाठ मारल्यासारखी हलत होती. "साठ," ती पुन्हा म्हणाली. मग मास्तरांकडे वळून तिने विचारलं, "तुमची टोकण झाली का हो?"

डॉक्टर चांगले होते. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या आणि गोळ्यांनी फार काही होणार नाही हेही लपवलं नाही.

दिवस गेले. पीक वाढलं, पिवळी फुलं आली, आऱ्या जमिनीत गेल्या. काढणीला आठवडा राहिला तेव्हा ती एका सकाळी चप्पल घालून तयार बसली. "मला वाफे बघायचेत. दरवर्षी मी बघते."

ती दरवर्षी बघायची, हे खरंच होतं. मास्तरांनी तिला नेलं. फाटकातून आत शिरताना त्यांनी नेहमीची वाट सोडली आणि मागच्या बांधावरून लांबचा फेरा घेतला, कारण नेहमीच्या वाटेवर आधी उपटीचे वाफे लागायचे. तिथे सगळं अजून उघडं होतं. रोपं जिथल्या तिथे ताठ उभी आणि मधली प्रत्येक फट जशीच्या तशी. ज्याला वाचता येतं त्याला तिचा आजार तिथे ओळीने वाचता आला असता.

पसरीचा वाफा मात्र हिरवागार भरला होता. फांद्या फांद्यांत गुंतल्या होत्या. माती दिसत नव्हती.

"बघ," मास्तर म्हणाले. "कुठे फट दिसते?"

"छान आलंय," ती म्हणाली. बांधावर टेकून ती वाफ्याकडे बराच वेळ बघत बसली. मग वाकून तिने दोन्ही हातांनी वेल बाजूला सारला, आत हात घातला आणि चाचपत चाचपत एका जागी थांबली. तळवा जमिनीवर सपाट ठेवून तिने मान वर केली.

"इथे एक रोप कमी आहे."

तिचा हात पुढे सरकला. "इथे दोन एकाच जागी. आणि ही बघा, पुन्हा मोकळी जागा." तिच्या कपाळाला आठी पडली. तिचा आवाज एकदम पूर्वीसारखा झाला, घर चालवणारा, हुकमी. "अहो, दोरी कोणी बांधली होती?"

"मी," मास्तर म्हणाले.

"तरीच!" ती हसली. अगदी मनापासून, खूप दिवसांनी. "तुम्हाला बुटाची नाडी बांधता येत नाही, आणि दोरी बांधायला निघाले. मला का नाही दिलीत?"

"चुकलं माझं."

"साहेब लोक बोलले असतील."

"थोडंसं."

"बोलणारच. लोकांच्या पेरण्या असतात त्यावर." तिने बाहेर ओढलेला वेल नीट पुन्हा त्या फटीवर पसरवला आणि हाताची माती झटकली. "असू दे. पसरी आहे, सांभाळून घेते. पण पुढच्या वर्षी मला द्या हं. असली कामं कुणाच्याही हातात देऊ नयेत."

"देईन."

ती त्यांचा हात धरून उठली आणि पलीकडे मान उंचावून बघू लागली. "उपटी कुठे लावली या वर्षी?"

"लावली नाही," मास्तर म्हणाले, आणि एक पाऊल बाजूला सरकून तिच्या आणि त्या वाफ्यांच्या मधे उभे राहिले.

"नाही लावली? बरं." ती वाकली. त्यांच्या डाव्या बुटाची सुटलेली नाडी तिने उचलली, दोन वेढे दिले, शेपूट आत खोचलं आणि ओढून बघितलं. गाठ पक्की बसली होती.

"उपटी कुठे लावली या वर्षी?" उठता उठता तिने विचारलं.

"लावली नाही," मास्तर म्हणाले, आणि ती परत वळेपर्यंत तिथून हलले नाहीत.